गायीची लस, अण्णांची लस

गोरेगाव म्हटलं की पुण्यामुंबईत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ईस्ट की वेस्ट?" आता मी नुसतं हसतो आणि सांगतो, की आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. तिथे ना लोकल थांबते, ना फिल्मसिटी आहे. सोयाबीन आहे, हळद आहे, थोडा कापूस आहे, आणि आमच्या घरापुरतं बोलायचं तर दोन गायी, एक म्हैस आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील.

परवा जोडून सुट्टी आली म्हणून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गावी गेलो. शनिवारी सकाळी दात घासत अंगणात उभा होतो, तेवढ्यात जनावरांच्या दवाखान्याची माणसं आली. लाळ्या-खुरकुताची लस द्यायची होती. खांद्याला बर्फाचा डबा, हातात मोबाइल. गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर टाकला, सुई टोचली, म्हशीनं एक लाथ झाडली, आणि मंडळी दहा मिनिटांत पुढच्या गोठ्यात. मी मनातल्या मनात म्हटलं, वा! आमच्या कंपनीत साधा लॅपटॉप बदलून घ्यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

चहा पिताना अण्णांनी विचारलं, "काय रे, ह्या ढोरायला दर सहा महिन्याला लस देतेत. आमाला कोरोनाची दोनदा दिली, मग एकदा बूस्टर म्हणून दिली, अन् त्याच्यानंतर कुणी फिरकलंच नाही. तो विषाणू तर सारखा बदलतो म्हणतेत. मग आमची लस कामून नाही बदलली?"

इंजिनीअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पाच वर्षं पाठीशी असून मला उत्तर देता आलं नाही. "बघून सांगतो," म्हणालो. (आम्ही क्लायंटलाही हेच सांगतो.) मग परतीच्या बसमध्ये आणि पुढचे दोन वीकेंड वाचत बसलो. जे कळलं ते इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे त्याच हिशेबानं वाचा.

आधी एक गोंधळ दूर करतो, जो माझाही होता. लस परत परत द्यायची दोन वेगवेगळी कारणं असतात. पहिलं कारण, शरीर विसरतं. लसीनं तयार झालेलं संरक्षण काही महिन्यांत किंवा वर्षांत ओसरतं, मग तीच लस पुन्हा टोचून आठवण करून द्यावी लागते. दुसरं कारण, समोरचा विषाणू बदलतो. तेव्हा तीच लस पुन्हा टोचून फारसा फायदा नाही, लसच बदलावी लागते. गायीला सहा महिन्यांनी टोचतात ते मुख्यतः पहिल्या कारणासाठी. पण दुसऱ्या कारणावरही तिच्या बाबतीत कुणीतरी लक्ष ठेवून असतं, आणि खरी गोष्ट तिथे आहे.

लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे जगात सात मुख्य प्रकार. एकावरची लस दुसऱ्यावर चालत नाही. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन फिरतात, म्हणून गायीच्या बाटलीत तिघांचा बंदोबस्त असतो. पूर्वी सी नावाचा चौथाही असायचा. १९९५ नंतर तो भारतात सापडला नाही, म्हणून पुढे लसीतून काढून टाकला. जे उरले तेही जागच्या जागी बसत नाहीत, आतल्या आत बदलत राहतात. म्हणून कुठे साथ आली की आजारी जनावराच्या जिभेवरच्या फोडांचे नमुने घेतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेची या एकाच रोगासाठी वेगळी संस्था आहे. सध्याच्या लसीनं तयार झालेली प्रतिपिंडं त्या नव्या नमुन्याला थोपवतात का, हे प्रयोगशाळेत ताडून बघतात. जुळत नसेल तर लसीतला वाण बदलतात. ए प्रकारातला जुना वाण असाच २००९ मध्ये बदलला गेला. २०१९ पासून तर देशभर सरकारी खर्चानं दर सहा महिन्यांनी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानं रोग संपलाय असं नाही, साथी अजून येतात. पण साखळी बघा ना: नमुना, जुळवणी, बदल, वाटप. चारही कड्या जागेवर आहेत, आणि चौथी आमच्या गोठ्यापर्यंत पोचते.

आता विषाणू बदलतो म्हणजे काय? अण्णांना हे समजावणं सोपं होतं, कारण त्यांनी ते शेतात बघितलंय. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं बियाणं २००६ मध्ये. सुरुवातीला फवारणी कमी झाली, सगळे खूश. आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातला कापूस त्याच बियाण्यावर आतून पोखरून टाकला. अळी हुशार झाली नव्हती. जी मरणारी होती ती मरत गेली आणि जी वाचणारी होती तिचीच पिलावळ वाढत गेली, बस्स! कोरोनाच्या विषाणूचंही तसंच. त्याचा सगळा मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा. नक्कल करताना चुका होतात, बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण निम्म्या गावाला एकदा आजार होऊन गेला किंवा लस मिळाली, की ज्या चुकीमुळे विषाणू आपल्या प्रतिपिंडांना चुकवू शकतो ती चूक एकदम कामाची ठरते. ओमिक्रॉन आला तेव्हा त्याच्या काट्यावर, म्हणजे स्पाइक प्रथिनावर, तिसाहून जास्त बदल होते. लस ओळखायला शिकवते ती नेमका तोच काटा.

सगळे विषाणू असे नसतात, हेही सांगायला हवं. गोवराची लस १९६० च्या दशकातल्या वाणांवरच आजही व्यवस्थित चालते. गोवराच्या विषाणूनं आपला बाहेरचा भाग फार बदलला तर त्याला पेशीत शिरताच येत नाही. म्हणजे "दर वर्षी नवी लस" हा काही निसर्गनियम नाही. फ्लूला लागते, गोवराला लागत नाही, कोरोना या दोघांत फ्लूच्या जास्त जवळ.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडे रुग्ण अचानक वाढायला लागले. विषाणूंचं जनुकीय वाचन करण्यासाठी सरकारनं डिसेंबर २०२० मध्येच दहा प्रयोगशाळांची साखळी उभी केली होती. त्यात पुण्यातल्या दोन होत्या, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही, आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन खास बदल एकत्र दिसताहेत. पेपरांनी त्याला "डबल म्युटंट" म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मे महिन्यात त्याच्या एका फांदीला चिंताजनक ठरवलं आणि ३१ मे रोजी नाव दिलं, डेल्टा. नाव मिळेपर्यंत आपल्याकडची लाट ओसरायला लागली होती.

आमचे मोठे काका त्या एप्रिलमध्ये गेले. पहिला डोस घेऊन महिनाही झाला नव्हता. घरात सगळ्यांना वाटलं होतं, की आता लस झाली, काळजी नाही. लग्नाच्या बोलणीसाठी दोन गावं फिरून आले, आणि आठ दिवसांत ऑक्सिजन शोधायची वेळ आली. ते सगळं परत लिहीत नाही, तुमच्याही घरात कुणीतरी असेल. नंतर इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की डेल्टामुळे होणाऱ्या आजारापासून कोव्हिशील्डच्याच जातीच्या लसीच्या एका डोसानं सुमारे ३० टक्के संरक्षण मिळतं, दोन डोसांनी सुमारे ६७ टक्के. एक डोस आणि महिनाभर खबरदारी यांचं गणित तेव्हा कळलं असतं तर? माहीत नाही. काकांना नक्की कुठल्या विषाणूनं नेलं, तेही माहीत नाही. त्यांचा स्वॅब पॉझिटिव्ह आला एवढंच कागदावर आहे, तो पुढे वाचला गेला नाही. आमच्या तालुक्यातले किती वाचले गेले असतील, देव जाणे. म्हणजे गायीच्या जिभेवरच्या फोडाला जो मान आहे, तो काकांच्या स्वॅबला मिळाला नाही. हे मी रागानं लिहीत नाही. त्या दिवसांत सगळेच पाण्यात बुडालेले होते. पण पाणी ओसरल्यावर तरी विचार करायला हरकत नाही ना?

आपल्याला वाटतं की उशीर लस बनवायला लागतो. मलाही तसंच वाटायचं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली. तीन महिने! तोही जंतू, विषाणू नव्हे, हे मान्य. आणि तेव्हा आजच्यासारख्या चाचण्याही नव्हत्या. पण १२५ वर्षांपूर्वीही प्रयोगशाळा एवढी धावू शकत होती. २०२० मध्ये तर चीनमधून कोरोनाचा जनुकीय मजकूर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाला, १३ जानेवारीला मॉडर्नाच्या लसीचा आराखडा पक्का झाला, आणि १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला ती टोचली गेली. ही एमआरएनए पद्धत. त्यात विषाणू वाढवावा लागत नाही. काट्याचं प्रथिन कसं बनवायचं याचा निरोपच शरीरातल्या पेशींना पाठवतात. काटा बदलला तर निरोपातली अक्षरं बदलायची, बाकी कारखाना तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रिंटर तोच, फाइल नवीन.

आणि हे सगळं अमेरिकेतच होतं असं नाही. पुण्यातल्या हिंजवडीत, जिथे आमच्यासारखे हजारो लोक रोज ट्रॅफिकमध्ये आयुष्य घालवतात, तिथेच जिनोव्हा कंपनी आहे. तिनं देशातली पहिली एमआरएनए लस बनवली, जून २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. मग केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं खास ओमिक्रॉनसाठीची लस बनवली. विशेष म्हणजे ती कोरड्या पावडरीसारखी, साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहणारी. परदेशी एमआरएनए लसींना सुरुवातीला उणे तापमानाचे फ्रीजर लागायचे, ही मात्र आमच्या गायीच्या लसीसोबत बर्फाच्या डब्यात बसून गोरेगावला येऊ शकली असती. वाचून छाती फुगली!

पण तारखा लावून बघितल्या आणि हवा निघाली. ओमिक्रॉनला नाव मिळालं नोव्हेंबर २०२१ मध्ये. ही लस आली जून २०२३ मध्ये. १९ महिने. तोपर्यंत जुना ओमिक्रॉन मागे पडून त्याचे एक्सबीबी नावाचे नातू सगळीकडे पसरले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी तर एक महिना आधीच, मे २०२३ मध्ये, नवी लस एक्सबीबीवर बेतावी असं सुचवलं होतं. जुन्या ब्रँचवर फिक्स टाकावा आणि तो रिलीज होईपर्यंत सगळे पुढच्या व्हर्जनवर गेलेले असावेत, तसं झालं. यात कंपनीची चूक काढण्यात अर्थ नाही, शून्यातून तंत्रज्ञान उभं करायला वेळ लागतोच. पण ब्रिटननं ओमिक्रॉन मिसळलेली लस ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर केली होती, आणि अमेरिकेनं त्याच महिन्याच्या शेवटी त्याहून नव्या उपप्रकाराची. एक्सबीबीची लस अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे सल्ल्यानंतर चार महिन्यांत आली. अक्षरं बदलायला सगळ्यांना सारखाच वेळ लागतो. पुढचा सगळा फरक कुठे पडला? एकदा सिद्ध झालेल्या लसीतला फक्त वाण बदलला, तर पूर्ण परीक्षा पहिलीपासून पुन्हा घ्यायची नाही, प्रतिपिंडं पुरेशी तयार होतात का एवढं तपासायचं, हा नियम त्यांच्याकडे वापरात होता.

हा नियम त्यांनी फ्लूकडून घेतला. जागतिक आरोग्य संघटनेचं फ्लूवर नजर ठेवणारं जाळं १९५२ पासून चालू आहे. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, जगभरचे नमुने समोर ठेवून पुढच्या हंगामाची लस ठरते. आपली एनआयव्ही त्या जाळ्यात आहे. फ्लू बी चा यामागाता नावाचा एक वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीनं सापडला नाही, तर त्याला लसीतून काढायला सांगितलं. गायीच्या बाटलीतल्या सी प्रकारासारखंच. अंदाज कधीकधी चुकतो, एखाद्या वर्षी लस नीट जुळत नाही. पण दर वर्षी कुणीतरी ठरवतं, हे महत्त्वाचं.

आणि हे जाळं असूनही उशीर कसा होतो, ते पुण्यानं बघितलंय. २००९ चा स्वाइन फ्लू आठवतो? देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला. मी तेव्हा शाळेत होतो, टीव्हीवर रुमाल बांधलेलं पुणं बघून घाबरलो होतो. पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची देशी लस आणली, जुलै २०१० मध्ये. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं. पाहुणे निघाल्यावर पोहे तयार झाले म्हणतात ना, तसं.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो बरोबर आहे. खरंच दर वर्षी कोरोनाची नवी लस हवी का? माझं वाचून झालेलं मत: सगळ्यांना नको. प्रतिपिंडं चुकली तरी शरीराची दुसरी फळी असते, टी पेशी. त्या काट्याचे बरेच वेगवेगळे तुकडे ओळखतात, त्यामुळे थोड्याफार बदलांनी फसत नाहीत. म्हणून जुन्या लसीनंही ओमिक्रॉनच्या काळात सर्दी-ताप अडवला नाही, पण माणूस दवाखान्यात पोचण्यापासून बऱ्यापैकी वाचवला. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांना लस आणि आजार दोन्ही होऊन गेलेत. आणखी एक गंमत म्हणजे शरीराला पहिल्या ओळखीचं फार प्रेम असतं. नवी लस दिली तरी ते बरंचसं जुन्याच विषाणूसाठी शिकलेलं उत्तर गिरवतं. त्यामुळे नव्या लसीचा फायदा कागदावर दिसतो तेवढा प्रत्यक्षात दिसेलच असं नाही. तरुण, धडधाकट माणसानं दर वर्षी रांगेत उभं राहावं असं मी म्हणत नाहीये. पण अण्णा ६४ वर्षांचे आहेत, त्यांना शुगर आहे. शरीरात फिरणारं त्यांचं ओळखपत्र २०२० सालच्या विषाणूचं आहे. त्यांच्यासारख्यांना नवी लस द्यायची की नाही, हे कुणीतरी विचार करून ठरवावं. "नको" असं ठरलं तरी चालेल. पण ठरवावं. विसरून जाणं म्हणजे निर्णय नव्हे.

विसरण्याचा तोटा फक्त आजाराचा नसतो. मे २०२४ मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, "कोव्हिशील्डवाल्या कंपनीनं लस जगभरातून परत घेतली, आता बोला!" खाली रडके इमोजी. खरी गोष्ट दोन भागांत होती. त्या लसीनं फार क्वचित रक्ताच्या गाठी आणि प्लेटलेट कमी होण्याचा त्रास होतो, हे खरं आहे, आणि ते २०२१ पासूनच माहीत होतं. लस बाजारातून काढताना ॲस्ट्राझेनेकानं सांगितलेलं कारण मात्र वेगळं होतं: नव्या प्रकारांसाठी बदललेल्या लसी भरपूर झाल्या, हिला मागणी उरली नाही. म्हणजे ती लस तशीच राहिली आणि जग पुढे गेलं. ही गोष्ट गावात कुणी सांगितली? कुणीच नाही. जागा रिकामी राहिली की तिथे मेसेज येऊन बसतो. पुढची लस येईल तेव्हा अण्णांचे मित्र पारावर हाच मेसेज काढून दाखवतील, आणि मग हिंजवडीत कितीही फास्ट लस बनली तरी काय उपयोग?

तर थोडक्यात काय, माझं म्हणणं असं. लस बदलण्याचं तंत्र आता विषाणूच्या वेगाच्या जवळपास आलंय. मागे पडतात त्या तिच्या दोन्ही बाजूंच्या कड्या. अलीकडची कडी म्हणजे डोळे. सेनगावसारख्या तालुक्यात ताप-खोकल्याच्या आठवड्याला दहाच नमुने घेतले आणि पुण्या-नागपूरला वाचायला पाठवले, साथ असो वा नसो, तरी आपल्याला काय फिरतंय ते कळेल. दहा नमुन्यांना असा किती खर्च येणार? पुण्यात एनसीएलच्या लोकांनी सांडपाण्यातून विषाणू शोधून दाखवलाय. गावात गटारं नाहीत, नाल्या आहेत, तिथे वेगळं काही बसवावं लागेल. मधली कडी म्हणजे नियम. वाण बदलताना काय तपासायचं, किती दिवसांत निर्णय द्यायचा, हे साथ नसताना लिहून ठेवायचं. घाई आणि तयारी यात फरक आहे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला प्लेगच्या लसीच्या एका दूषित बाटलीतून धनुर्वात होऊन १९ माणसं दगावली. हाफकिन यांचा त्यात दोष नव्हता हे सिद्ध व्हायला काही वर्षं गेली, आणि तोवर लसीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. म्हणून तपासणी कमी करा असं मी म्हणत नाही, आधीच ठरवून ठेवा म्हणतो. आणि पलीकडची कडी म्हणजे वाटप. २०२१ मध्ये आपण शेवटच्या वाडीपर्यंत पोचलो होतो. ती वाट आता गवताखाली जाऊ द्यायची का, एवढाच प्रश्न आहे.

हे फक्त कोरोनासाठी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले. पुढच्याच महिन्यात आमच्या मराठवाड्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तिथेही तोच एच५एन१. हा विषाणू अजून माणसांमध्ये सहज पसरत नाही. पण पक्ष्यांतून वाघापर्यंत त्यानं उडी मारलीच की. उद्या त्यानं आणखी एखादं अक्षर बदललं, तर त्याची खबर पहिल्यांदा कुठे लागेल? हिंजवडीत नाही, एखाद्या गोरेगावात लागेल. लागली तर.

जगभर आता अशाही लसींवर काम चालू आहे, ज्या विषाणूचा न बदलणारा भाग ओळखायला शिकवतील, म्हणजे पाठलागच नको. होईल तेव्हा होईल. तोवर पळणं भाग आहे, आणि एकट्या लसीला पळवून उपयोग नाही.

काल फोनवर हे सगळं अण्णांना सांगितलं. एमआरएनए वगैरे वगळून, बोंडअळी आणि लाळ्या-खुरकुताच्या आधारानं. त्यांनी नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे गायीच्या कानात बिल्ला हाये, म्हणून तिची याद राहते."

मी हसलो, पण नीट हसता आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, ती फ्लूची म्हणतोस ती तरी नवी असते ना दर वर्षी? मी म्हटलं हो, पण आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना विचारू. "बरं, मग पुढच्या खेपेला हिंगोलीला जाऊ," म्हणाले, "अन् तुझ्या मोठ्या काकूला बी घेऊन जाऊ." पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय.